बाबांच्या उंचीचा वाफा

जानेवारीत मला परदेशातल्या एका क्लायंटसाठी लेख लिहायचा होता. विषय होता, वसंत ऋतूत घरच्या बागेत ‘रेझ्ड बेड’ कसे बांधावेत आणि त्यातली माती सकस कशी करावी. 1800 शब्द, दोन दिवसांची मुदत. मी कंटेंट रायटर आहे, बीए इंग्लिश केलंय, आणि या कामात एक गोष्ट लवकर शिकले आहे. ज्यातलं काही कळत नाही त्याबद्दलही आत्मविश्वासाने लिहिता येतं. पलंगावर पाय पसरून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी लिहिलं की वाफ्याची उंची किती असावी, त्यात कोणती माती भरावी, शेवटचं दहिवर पडून गेलं की पेरणी कशी करावी. लेख क्लायंटला आवडला. तोपर्यंत मी आयुष्यात कधी कुदळ हातात धरली नव्हती.

आम्ही इंदूरचे. म्हणजे घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि पोह्यांवर शेव. घराच्या मागे बारा बाय वीस फुटांचं परस आहे आणि ते पहिल्यापासून बाबांचं. नोकरीत असताना ऑफिसातून आले की चहाच्या आधी ते मागे जाऊन यायचे. निवृत्तीनंतर तर सकाळचा पेपरही तिथेच. गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही बरंचसं परत आलं, फक्त सावकाश झालं. उजवा हात आणि उजवा पाय मात्र मागे राहिले. जानेवारीपर्यंत ते काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालू लागले होते. पण मागच्या दाराकडे गेले नाहीत. परसातली वांगी वाळली, मेथी फुलावर गेली, लव्हाळा माजला. आई एकदा म्हणाली, “अहो, जरा मागे बसता का उन्हात?” तर त्यांनी पंख्याकडे बघत मान हलवली. नको.

म्हणून लेख पाठवल्या पाठवल्या माझ्या डोक्यात आलं की मी जे लिहिलंय ते आपल्याच घरी का करू नये? वाकता येत नसेल तर जमीनच वर आणायची. माझ्याच लेखात एक परिच्छेद होता, वयस्कर किंवा खुर्चीवर बसणाऱ्या माणसांसाठी वाफा चोवीस ते तीस इंच उंच असावा. मी बाबांना काही सांगितलं नाही. त्यांना सरप्राइज द्यायचं होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्री आला. कंपाउंडच्या भिंतीलगत आठ फूट लांब, आतून दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच असा विटांचा चौकोन ठरला. तळ उघडा, म्हणजे मुळांना खाली जमिनीत जाता येईल आणि पाणी साचणार नाही. खालच्या थरात दर दोन फुटांवर एक भोक. मिस्त्री म्हणाला, “मैडम, नौ इंच की दीवार उठाओ, मिट्टी धक्का मारेगी.” ओली माती फुगते आणि भिंतीला ढकलते, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण नऊ इंचाच्या भिंतीला विटा दुप्पट लागल्या असत्या. मी अर्ध्या विटेवरच अडून बसले. अडीचशे विटांत, दीड दिवसात काम झालं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मी त्यावर पाणी मारलं. बाबांना आवाज ऐकू येत होते, पण त्यांनी विचारलं नाही. मीही त्यांच्याकडे जाऊन बोलले नाही.

मग माती. परदेशी लेखांमधलं एक प्रसिद्ध प्रमाण मीही माझ्या लेखात दिलं होतं. एक तृतीयांश कंपोस्ट, एक तृतीयांश पीट मॉस आणि एक तृतीयांश व्हर्मिक्युलाइट. हे इथे भरायचं म्हटलं तर वाफ्यापेक्षा भरणच महाग. मी छोट्या लोडिंग रिक्षातून माळव्यातली काळी माती मागवली, जवळच्या डेअरीतून सहा पोती शेण आणलं आणि पावसाळ्यात चिखल तुडवतात तसं दोन्ही एकत्र तुडवलं. वरून पाइप सोडला. माती छान मऊ, काळीभोर, चकाकती दिसत होती. मी फोटोही काढला.

आठ दिवसांनी रविवार बघून मी बाबांना हाताला धरून मागे आणलं. वाफ्यासमोर प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. ते बसले आणि त्यांचे गुडघे थेट विटांना भिडले. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की चोवीस ते तीस इंचांचा तो सल्ला टेबलासारख्या वाफ्यांसाठी असतो, ज्यांच्या खाली पाय घालायला मोकळी जागा असते. विटांच्या भिंतीत पाय कुठे घालणार? कड त्यांच्या छातीच्या खालपर्यंत येत होती. मातीपर्यंत हात न्यायला ते कमरेतून पुढे झाले, उजवी बाजू आधार देईना, आणि त्यांचा तोल गेला. मी धरलं म्हणून बरं. ते परत सरळ बसले. माझ्याकडे बघून हळूहळू म्हणाले, “छान... झालंय. आत चल.”

त्या रात्री मला झोप आली नाही. झटका आल्यापासून घरात सगळेच त्यांच्यासाठी काही ना काही ठरवत होतो. काय खायचं, केव्हा झोपायचं, कोणाला भेटायचं. मी त्यात एक भिंत वाढवली होती. तीही चुकीच्या उंचीची.

बाबांना व्यायाम द्यायला आठवड्यातून तीनदा एक फिजिओथेरपिस्ट ताई येतात. त्यांना मी मागे नेऊन वाफा दाखवला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी पर्समधून टेप काढला आणि विचारलं, “काकांना मोजलंस का?” मी वाफा मोजला होता, विटा मोजल्या होत्या, मातीचे घनफूट काढले होते. बाबांना मोजलं नव्हतं. मग ताई आत गेल्या आणि त्यांनी बाबांनाच सांगितलं, “काका, आज हाच व्यायाम.” जमिनीपासून खुर्चीची बैठक अठरा इंच. बसून डावा हात बाजूला सैल सोडला तर बोटं कुठवर येतात, बाजूला झुकल्याशिवाय हात किती लांब पोचतो, हे सगळं त्यांनी बघितलं. त्यांचं म्हणणं होतं की समोर तोंड करून बसायचंच नाही. वाफ्याला डावी बाजू करून बसायचं. वाफ्याची कड खुर्चीच्या बैठकीच्या जरा वर असली की हात आपोआप मातीवर जाईल. आणि हात पोचेल तो वीस इंचांपर्यंत, म्हणजे भिंतीची जाडी सोडली तर वाफ्याच्या अलीकडच्या दोन तृतीयांश भागापर्यंत. पलीकडचं कोणीतरी दुसऱ्याने बघायचं.

बाबा सगळं ऐकत होते. मग म्हणाले, “खुर्चीचा... डावा हात... काढा. उजवा राहू दे.” घरातल्या जुन्या लाकडी खुर्चीबद्दल बोलत होते. डावीकडे वाकायला अडथळा नको आणि कमजोर उजव्या बाजूला टेकायला आधार हवा. ताई म्हणाल्या, “बघा, हे मलाही सुचलं नव्हतं.” सुताराने दहा मिनिटांत खुर्चीचा डावा हात कापून दिला.

मिस्त्री परत आला. वरचे तीन थर काढायचे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मला जन्मभर आठवेल. पण थर काढायच्या आधी माती उपसायला हवी होती, आणि तिथे माझी दुसरी फजिती बाहेर पडली. तो मऊ, काळाभोर चिखल वाळून दगड झाला होता. त्याला बोट जाईल अशा भेगा होत्या आणि फावडं त्यावरून नुसतं घसरत होतं. मी एक ढेकूळ उचलून आत नेलं आणि बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. खरं तर तक्रार करायला. त्यांनी ते दाबलं, वास घेतला, नखाने खरवडलं.

“वापसा नव्हता,” ते म्हणाले.

मला शब्द माहीत नव्हता. बाबांचं आजोळ जळगावकडचं, काळ्या मातीतलं. लहानपणीच्या उन्हाळी सुट्ट्या त्यांनी तिथे काढल्या. वापसा म्हणजे काय हे ते मला पुढची पंधरा मिनिटं सांगत होते. अडखळत, मध्ये थांबून, कधी शब्द न सापडून हाताने दाखवत. पण नोव्हेंबरनंतर एका दमात एवढं ते पहिल्यांदाच बोलले. पाणी दिल्यावर किंवा पाऊस पडून गेल्यावर माती लगेच हलवायची नाही. जादाचं पाणी खाली निथळू द्यायचं, हवा आत येऊ द्यायची. मूठभर माती दाबली की गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्याने टोचला की तो भुगा होऊन पडला पाहिजे. तो वापसा. गोळा चकाकत असेल, हाताला चिकटत असेल तर माती अजून ओली आहे. गोळाच होत नसेल तर उशीर झाला. काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण फार. भिजली की फुगते, वाळली की आकसते. ओली असताना तुडवली तर तिच्यातल्या हवेच्या जागा बंद होतात आणि मग ती वीट होते. मी तर पाइप सोडून तिच्यावर नाचले होते. हेच मी माझ्या इंग्रजी लेखात ‘माती काम करण्याजोगी होईपर्यंत थांबा’ अशा अर्थाच्या एका लांबलचक वाक्यात लिहिलं होतं. लिहिताना त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

शेणाचंही तसंच. ढेकळं फोडताना आतून वाफ येत होती, हात घातला तर चक्क गरम. शेण ताजं होतं. ताज्या शेणाची उष्णता कोवळ्या मुळांना सोसत नाही, शिवाय त्याच्या मागोमाग हुमणीचे किडे येतात, ते मुळंच कुरतडतात. “सहा महिन्यांचं... हवं,” बाबा म्हणाले. “काळं. वास न येणारं.” मी विचारलं, वाळू मिसळली तर माती भुसभुशीत होईल का? कारण हेही कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी जोरात मान हलवली. चिकण मातीत थोडीफार वाळू घातली तर होतो तो गिलावा. तिला मोकळं करायचं तर पालापाचोळा, कुजलेलं खत, आणि वेळ.

थर काढताना ऐंशीपैकी सत्तरएक विटा शाबूत निघाल्या. आता एका बाजूला त्या विटांचा ढीग, दुसऱ्या बाजूला गरम शेणाचा. आणि मार्च लागत होता, म्हणजे कॉलनीभर कडुनिंबाची आणि पिंपळाची पानगळ. इथे मला माझ्या कामाचा एकदाच खरा उपयोग झाला. लेख लिहिताना कंपोस्टबद्दल वाचत होते तेव्हा एक नाव सारखं येत होतं, ‘इंदौर प्रोसेस’. तेव्हा घाईत मी त्यावरून पुढे गेले होते. आता नीट वाचलं. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ 1924 ते 1931 या काळात इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. तिथे त्यांनी पिकांचा काडीकचरा आणि जनावरांचं शेणमूत यांपासून खत करण्याची पद्धत बसवली, आणि तिला याच गावाचं नाव पडलं. 1931 साली त्यावर जे इंग्रजी पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. 1935 मध्ये गांधीजी ते काम बघायला इंदूरच्या त्या संस्थेत येऊन गेले. जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांना जे नाव पाठ आहे, ते काम माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर झालं होतं. आणि मला ते क्लायंटच्या कामातून कळलं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “कृषी महाविद्यालय. माहितेय.” अर्थात.

हॉवर्ड शेतकऱ्यांना आणि पिकांवरच्या किडीला आपले प्राध्यापक मानत. मला हे फार आवडलं, कारण माझे प्राध्यापक त्या वेळी खिडकीत बसून मी विटा कशा रचते आहे ते बघत होते आणि दर दोन मिनिटांनी काठी आपटत होते. तीन फूट बाय तीन फूट, तीन बाजूंनी विटा, सिमेंट न लावता, मध्ये फटी सोडून. हवेसाठी. खाली काटक्या. मग सहा इंच पाला, त्यावर दोन इंच शेण, त्यावर मूठभर माती आणि चुलीतली राख, पाण्याचा शिपका, आणि पुन्हा पाला. आमच्याकडे चूल नाही, राख कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून आणली. स्वयंपाकघरातली सालं आणि देठंही तिथेच जायला लागली. 2017 पासून सलग अनेक वर्षं आमचं शहर स्वच्छतेत पहिलं आल्याचा इथे सगळ्यांना भारी अभिमान, त्यामुळे कचरागाडीवरच्या दादांनी चौथ्या दिवशी थांबून विचारलंच, “दीदी, गीला कचरा बंद कर दिया क्या?” पाचव्या-सहाव्या दिवशी ढिगात हात घालवेना इतका तो तापला. बाबांनी काठीचं टोक आत खुपसलं, दोन मिनिटांनी काढून गालाला लावलं आणि समाधानाने हुंकार दिला. दोन-तीन आठवड्यांनी ढीग उलटा करायचा, मग पुन्हा दोनदा. तीन महिने. म्हणजे खत वापरायला मिळणार पावसाच्या तोंडावर.

तोपर्यंत वाफ्यात काय? ढेकळं काढून तीन दिवस पाणी शिंपून ठेवली आणि वापसा आल्यावर फोडली. बाबा नव्या खुर्चीवर, कडेवर घमेलं, डाव्या हातात छोटं लाकडी मोगरीसारखं काहीतरी. एका सकाळी एक घमेलं, त्याच्यापुढे दमायचे. कधी वीस मिनिटांत आत जायचे. कधी नकोच म्हणायचे आणि त्या दिवशी मी एकटीच करायचे. पलीकडे राहणाऱ्या काकूंनी त्यांच्याकडची दोन वर्षं जुनी शेणखताची चार पोती दिली. तळाला नारळाच्या शेंड्या, वाळक्या फांद्या आणि पाला टाकला, म्हणजे माती कमी लागली आणि खालून निचराही होईल. वर निम्मी माती आणि निम्म्यात शेणखत आणि जुना कुजलेला पाला, थोडी निंबोळी पेंड. कडेला कोट्याच्या फरशीच्या पट्ट्या बसवल्या, खुरपं आणि पाण्याचा मग ठेवायला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणी केली. पलीकडचा भिंतीलगतचा पट्टा माझा, त्यात भेंडी आणि गवार. अलीकडचा बाबांचा. त्यांनी मागितला लाल माठ. मी म्हटलं टोमॅटो लावू, फोटोत छान दिसतात. ते म्हणाले, “माठ. महिन्यात... येतो.” त्यांना वाट बघायची नव्हती, आणि त्याचं कारण मी विचारलं नाही. बी बारीक, मोहरीहूनही बारीक. उजव्या हाताच्या चिमटीत धरता येईना, डाव्याची सवय नाही. आईने मीठदाणी धुऊन, वाळवून त्यात बी आणि बारीक रेती एकत्र करून दिली. त्यांनी ती पोळीवर मीठ भुरभुरावं तशी वाफ्यावर फिरवली. एका कोपऱ्यात दाट, एका कोपऱ्यात काहीच नाही. तसंच उगवलंही.

एक गोष्ट मात्र मला कोणत्याही लेखात सापडली नव्हती. थंड देशांत वसंतात उंच वाफे बांधतात, कारण जमिनीपेक्षा त्यांतली माती लवकर तापते आणि पेरणी आधी करता येते. आमचा वसंत म्हणजे रंगपंचमीची गेर संपली की संपला. त्यानंतर माती तापण्याची वाट कोणाला बघायची आहे? एप्रिलच्या मध्यावर पारा चाळिशीला गेला, वाफ्याच्या पश्चिमेकडच्या विटा संध्याकाळी हात लावू देईनात, आणि भेंडीची पानं दुपारी बारालाच माना टाकायला लागली. उंच वाफा खालच्या जमिनीपेक्षा दुप्पट वेगाने वाळतो की काय असं वाटायचं. मी आधी नुसतं पाणी वाढवलं. सकाळी पाइप, संध्याकाळी पाइप. वर चिखल, खाली कोरडं.

उपाय तीन केले. वरून हिरवी जाळी. मातीवर तीन इंच आच्छादन, त्यासाठी रसवाल्याकडून उसाची चिपाडं आणली. ती नीट धुऊन वाळवायची असतात हे दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी सांगितलं. आणि तिसरा उपाय बाबांचा. कुंभाराकडून अरुंद तोंडाची, झिलई नसलेली दोन मडकी आणायला लावली आणि त्यांच्या पट्ट्यात गळ्यापर्यंत पुरायला लावली. मडक्यात पाणी भरायचं आणि तोंडावर झाकण. मडकं झिरपतं, आजूबाजूची माती कोरडी होईल तसं पाणी बाहेर ओढून घेते, आणि मुळं मडक्याच्या भोवती येऊन बसतात. वरून काहीच ओलं दिसत नाही. आजोळी आंब्याच्या कलमांना असंच पाणी द्यायचे म्हणे.

ही दोन मडकी भरणं हे बाबांचं काम झालं. संध्याकाळी ऊन उतरलं की खुर्चीवर, शेजारी बादली, डाव्या हातात मग. पहिल्या आठवड्यात अर्धं पाणी फरशीवर सांडायचं. आई पुसायला धावली की ते तिला हाताने थांबवायचे. मेमध्ये एकदा मी मिटिंगमध्ये अडकले होते. मागे बघते तर ते एकटेच काठी टेकत तिथे पोचलेले. मी कॅमेरा चालू असतानाच उठून धावले. ताईंनी नंतर त्यांना आणि मला दोघांनाही झापलं. त्यांना एकटे गेल्याबद्दल आणि मला ओरडल्याबद्दल.

माठ महिन्यात आला नाही, पाच आठवड्यांनी आला. आईने लसूण घालून परतला. दोन वाट्यांचा भिजून अर्धी वाटी झाला. भेंडीने मेमध्ये दिवसाला चार-पाच दिल्या, कधी दोनच. गवार बहुतेक मावा खाऊन गेला, माझा पट्टा असल्यामुळे बाबांनी त्यावर काही भाष्य केलं नाही, फक्त बघितलं. उजव्या हातात फारसा फरक नाही. डॉक्टर म्हणतात हळूहळू बघू. बाबांचे वाईट दिवस असतात, तेव्हा ते उठून बसतही नाहीत, आणि वाफा असला काय नि नसला काय. हेही लिहायला हवं, नाहीतर हा लेखही माझ्या जानेवारीतल्या लेखासारखा होईल.

त्या क्लायंटचा जूनमध्ये पुन्हा मेल आला. उंच वाफ्यांवर आणखी एक लेख हवा, दहा मुद्दे. मी पहिला मुद्दा लिहिला, ‘वाफा ज्याच्यासाठी आहे त्या माणसाला आधी खुर्चीवर बसवून मोजा.’ संपादकांनी तो खाली ढकलला आणि पहिल्या जागी लाकडाचे प्रकार टाकले. वापसा या शब्दाचं इंग्रजी मला अजून सापडलेलं नाही.

खताचा ढीग मी जूनच्या मध्याला उघडला. वरची पानं अजून पानं होती, खाली मात्र काळं, कुरकुरीत, पावसाच्या मातीचा वास असलेलं काहीतरी तयार झालं होतं, आणि त्यात गांडुळं. तीन घमेली भरली. बाबांनी त्यांच्या पट्ट्यात डाव्या हाताने मूठ-मूठ घातलं. माझ्या पट्ट्यात घालायला लागल्यावर मी म्हटलं, “बाबा, ते माझं मी करीन.” तर म्हणाले, “तुझं... गवार बघितलंय.”

गेल्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. रात्रभर कोसळला. सकाळी सगळं परस चिखल, चप्पल रुतली तर निघेना. मी खिडकीतून वाफ्याकडे बघत होते. तळाच्या भोकांमधून पाण्याच्या चार बारीक धारा सुरू होत्या आणि वर माती गच्च ओली, पण उभी. मला लगेच बाहेर जाऊन पुढची पेरणी करायची होती. पडवळाचं बी मी भिजवूनही ठेवलं होतं.

बाबा माझ्या मागे काठीवर येऊन उभे राहिले. बाहेर बघितलं.

“चार दिवस,” ते म्हणाले. “हात लावू नकोस.”